जिल्हाभर ‘यलो अलर्ट’: सोयाबीन काढायचे की थांबायचे?

सोयाबीन उत्पादक, औसा (धागा सुरू करणारे)

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागला की साप्ताहिक अंदाजात एकच वाक्य रोज फिरू लागते: मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, जिल्ह्याला यलो अलर्ट. नेमक्या याच दिवसांत लवकर येणाऱ्या वाणांचे सोयाबीन काढणीला येते. पाने गळून गेलेली असतात, शेंगा हाताला खडखडतात. चार दिवस उशीर केला तर उन्हाने शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात आणि कापून टाकल्यावर पाऊस आला तर दाण्याला मोड फुटतात. मजुरांच्या टोळीला उक्ते, म्हणजे सगळ्या कामाचे एकच मोल ठरवून इसार दिलेला असतो, हडंब्याचा (मळणी यंत्राचा) नंबर लागलेला असतो. अशा वेळी आमच्या लातूर जिल्ह्यात अहमदपूरपासून निलंग्यापर्यंत एकच रंग देणारा अंदाज मला निरुपयोगी वाटतो. सातही दिवस पिवळे दाखवले की अंदाज चुकण्याची भीती उरत नाही, पण त्यातून निर्णयही निघत नाही. अंदाज तालुक्याचा द्यावा, नाही तर तो शेतकऱ्यांसाठी आहे असे म्हणू नये.

हवामानाचा अभ्यासक, पुणे

पूर्णपणे असहमत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. बाकीची कोरडी राहण्याची शक्यता त्याच वाक्यात सांगितलेली असते. पिवळ्या रंगाचा अर्थही ‘लक्ष ठेवा’ एवढाच आहे. ‘तयारीत राहा’ हे नारिंगी रंग सांगतो.

मोसमी पावसाची माघार पश्चिम राजस्थानातून सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरला सुरू होते आणि मुंबईतून तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. मधल्या काळात हवेत बाष्प भरपूर असते, सकाळच्या उन्हाने जमीन तापते आणि दुपारनंतर काही किलोमीटर रुंदीचे ढग उभे राहून तास-दोन तासांत बरसून विरतात. असा ढग औशावर फुटेल की त्याच तालुक्यातल्या उजनी गावावर, हे चार दिवस आधी कोणालाही सांगता येत नाही. मे २०२५ मध्ये सुरू झालेली हवामान अंदाजाची संगणकीय प्रणाली, भारत फोरकास्ट सिस्टिम, सहा किलोमीटरच्या चौकटीत गणित मांडते, परंतु चौकट लहान झाली म्हणून ढगाची जागा निश्चित होत नाही. तालुक्याचा रंग मागणे म्हणजे नसलेली खात्री छापून मागणे होय. बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीची गोष्ट वेगळी. २६ सप्टेंबर २०२१ रोजी कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडलेल्या ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष दोन दिवसांत मराठवाड्यावर आले आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. आठवड्याच्या अंदाजात शोधायचे ते अशी प्रणाली आहे की नाही, हे. दुपारचा ढग त्यात शोधू नये.

द्राक्ष बागायतदार, निफाड

मला पुण्याच्या सदस्यांचे म्हणणे पटते. छाटणीनंतर कोवळी फूट निघते तेव्हा पाने सतत ओली राहिली की डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो, त्यामुळे आठवडा अस्थिर आहे एवढे कळले तरी मी सगळी बाग एकदम छाटत नाही, तुकडे पाडतो. अर्थात छाटणी पुढे ढकलता येते, वाळलेले सोयाबीन थांबत नाही, हेही खरे.

कोरडवाहू शेतकरी, मंगळवेढा

आमच्याकडे हस्ताच्या पावसावर ज्वारीची पेर ठरते. तुम्ही ज्याला इशारा म्हणता त्याची आम्ही वाट पाहतो. तो रंग पाहून भीती वाटावी असे आमच्याकडे काही नसते.

सोयाबीन उत्पादक, औसा

‘तुरळक’चा अर्थ एक चतुर्थांश केंद्रे असेल, तर तोच आकडा गावात वाचल्या जाणाऱ्या अंदाजात का नसावा? ‘पावसाची शक्यता’ एवढेच छापून आले की वाचणारा पाऊस धरून चालतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी सल्ल्यात ‘काढलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा’ असे असते. चार एकरांची बनीम (कापलेल्या सोयाबीनची गंजी) मावेल असे सुरक्षित ठिकाण कोणाच्या घरी आहे? ताडपत्री हाच आमचा आडोसा, आणि वारा सुटला की ती चौघांनाही आवरत नाही.

हवामानाचा अभ्यासक, पुणे

आकडा छापावा, ही मागणी मला मान्य आहे. तरीही मूळ मुद्दा उरतो. पाऊस बहुधा दुपारी तीननंतर येतो आणि कापणी सकाळी होते, म्हणून सात दिवसांचा निर्णय एकदम घेण्याची गरज नाही. रोज दुपारी झाकता येईल एवढेच कापावे आणि रडारवर ढग दिसताच ढीग लावून ताडपत्री ओढावी.

सोयाबीन उत्पादक, औसा

कापलेले सोयाबीन मळणीआधी दोन-तीन दिवस उन्हात पडून राहावे लागते. ओलसर असतानाच ढीग लावला तर आतून गरम होऊन बुरशी धरते, आणि हमीभावाच्या केंद्रावर बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. शिवाय टोळी उक्ती असते. आज दहा गुंठे कापा आणि उद्या परत या, असे तिला सांगता येत नाही. म्हणून मला दुपारच्या ढगाची खबर पुरत नाही, सलग तीन कोरड्या दिवसांची शक्यता किती, हा आकडा हवा आहे. तोच अंदाजात कुठे दिसत नाही.