खाऱ्या हवेत किल्लीला काय लावावं

किल्लीच्या जुडग्याला लावायला कोणतं छोटं घडीचं अवजार घ्यावं, व्हिक्टोरिनॉक्सचं चाकू-कात्रीवालं क्लासिक की लेदरमनचं पक्कडवालं स्क्विर्ट, असं एकाने विचारलंय, म्हणून मालवणातला अनुभव लिहितो.

व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक ५८ मिमी लांब, वजन जेमतेम २१ ग्रॅम. खिशात आहे हेही विसरायला होतं. पातं लहान, पण कात्री अप्रतिम आणि चिमटा तर त्याहून. करवंदाच्या जाळीत हात घातला की काटा आत मोडतोच, तो या चिमट्याने अलगद निघतो.

लेदरमन स्क्विर्ट पीएस४ साधारण ५७ ग्रॅमचं, किल्लीला लटकलेलं जाणवतं. पण माशाच्या तोंडात रुतलेला गळ काढायला पक्कडच हवी. गळ टाकत असाल तर तेच शोधा. गर्बर डाइमलाही पक्कड आहे, वजन थोडं जास्त.

आता खरी गोष्ट गंजाची. स्टेनलेस असलं तरी सांध्यात मीठ बसलं की तांबूस ठिपके येतातच. किनाऱ्यावरून आलात की सगळी पाती उघडून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन वाळू धरून ठेवतं.

आणि विमानाने निघालात तर किल्लीवरून काढून चेक-इन बॅगेत टाका.