खोंड लवकर खच्ची करू नका
दादा, वर्षाच्या आत खच्ची केलेला खोंड लवकर भरतो, असं तुम्ही वर म्हणालात. भरतो, पण चरबीनं. मान, वशिंड नि खांद्याचं मांस चढतं ते टेस्टोस्टेरॉन या नर हार्मोनवर, आणि ते वृषणातून येतं. आमच्या कागलकडच्या गोठ्यात एकाच वयाचे दोन खिलार खोंड होते. लवकर खच्ची केलेल्याची मान शेवटपर्यंत बारीकच राहिली. जू ठेवलं की फरक हाताला कळायचा.

दुसरं म्हणजे वैरण. स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्मावेळीच जवळपास ठरलेली असते, पुढं ते फक्त जाड होतात. मेंदूखालच्या ग्रंथीतून वाढीचं हार्मोन येतं, त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचं वाढीचं प्रथिन तयार करतं आणि त्यानं स्नायू वाढतो. जनावर उपाशी असलं की हार्मोन रक्तात उलट वाढतं, पण यकृत त्याला दादच देत नाही! आपल्याकडं उसाच्या हंगामात नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जनावरं काढतात. वाड्यात प्रथिनं फार कमी. सोबत सरकी पेंड आणि थोडा लसूणघास द्याच, कळकळीनं सांगतो. नाहीतर बेंदराला, बैलांच्या सणाला, शिंगं रंगवाल, पण पाठीवर बरगड्या मोजता येतील.