स्लिप, रिलॅप्स, डिटॉक्स: हे शब्द घरच्यांना आधी का सांगत नाहीत?

धाकटी_मानेवाडा

मागच्या उन्हाळ्यात दादाला दारू सोडवायला भरती केलं. दहा दिवसांनी कागदावर 'डिटॉक्स पूर्ण' लिहून घरी सोडलं. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, संत्रा बर्फीचे दोन डबे आणले आणि गल्लीत वाटले. पोरगं सुटलं म्हणाले.

डिटॉक्स म्हणजे फक्त शरीरातली दारू उतरवणं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. थरथर, घाम, झोप उडणं यातून माणसाला सुखरूप पार करायचं, इतकंच ते काम. व्यसनावरचा खरा उपचार त्यानंतर सुरू होतो आणि महिनोन्महिने चालतो. त्याच कागदावर खाली 'फॉलोअप' असंही होतं. आम्हाला वाटलं, टाके काढायला बोलावतात तसं काहीतरी असेल. गेलोच नाही.

अडीच महिने दादा कोरडा राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मित्रांसोबत बसला. रात्री आला आणि ओट्यावर बूट काढता काढता स्वतःहून आईला म्हणाला, "आई, घेतली मी आज. दोन पेग." बाबा आतून आले, "सगळा पैसा पाण्यात गेला" म्हणाले आणि दार लावून घेतलं. दादाचा एकच बूट निघाला होता. दुसरा तसाच पायात ठेवून तो गेला. पुढचे तेवीस दिवस पीत होता.

समुपदेशक ताईंनी नंतर सांगितलं की त्या रात्री झाली ती स्लिप. पाय घसरला, पण त्याने लपवलं नाही, थांबायची इच्छा शाबूत होती. पुढचे तेवीस दिवस म्हणजे रिलॅप्स, पिण्याचा जुना क्रम परत सुरू होणं. त्या दोघांच्या मध्ये एक रात्र होती. तेव्हा आम्ही फोन करायला हवा होता, आणि आम्ही दार लावलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. भरतीच्या दिवशी घरच्यांकडून दहा ठिकाणी सह्या घेता, तेव्हाच हे शब्द साध्या मराठीत लिहून हातात द्या आणि समजावून सांगा. तुम्हाला काय वाटतं?

पाचपावलीची

ताई, तुमच्या घरी घडलं त्याचं वाईट वाटलं. पण मला हे पटत नाही. चौदा वर्षं संसार केला आहे, म्हणून बोलते.

माझ्या नवऱ्याने दारू सोडायच्या आधी हे शब्दच शिकून घेतले. तीनदा भरती झाला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा म्हणायला लागला, "हा आजार आहे, माझा दोष नाही." दुसऱ्या खेपेपासून प्रत्येक वेळी पिऊन आला की "स्लिप झाली." मी भांडले की "तू मला ट्रिगर करून राहिली," म्हणजे माझ्यामुळे प्यावंसं वाटतं म्हणे. मंगळसूत्र गहाण पडलं तेव्हाही "क्रेव्हिंग होतं", म्हणजे प्यायची ओढ, हेच उत्तर. पूर्वी तो पिऊन आला की निदान मान खाली घालायचा. शब्द मिळाले आणि मान वर झाली.

आणि मला काय मिळालं? बायकांच्या गटात सांगितलं, तुम्ही 'कोडिपेंडंट' आहात. त्याच्या ऑफिसात "ताप आलाय" म्हणून खोटे फोन मी केले, उधारी मी फेडली, म्हणजे मी त्याच्या पिण्याला मदत केली म्हणे. फोन केला नसता तर नोकरी गेली असती आणि पोरीची फी राहिली असती. आजार त्याचा, मग नाव मला काऊन?

रात्रपाळी

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात सिस्टर आहे. पाचपावलीच्या ताईंचा राग मला समजतो, पण शब्दच नकोत असं म्हणू नका. एक शब्द माहीत नसल्याने माणूस मरता मरता राहिलेला मी पाहिला आहे.

रोज पहाटेपासून पिणारा पन्नाशीचा माणूस. भावांनी दारू सोडवायची म्हणून खोलीत कोंडला. पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले, तर म्हणाले नाटकं करतो. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आणला, तेव्हा तो चादरीवरून मुंग्या वेचत होता. चादर स्वच्छ होती. एकेक मुंगी चिमटीत धरायचा आणि मला म्हणायचा, "सिस्टर, डबी द्या."

याला विड्रॉवल म्हणतात. दारू थांबल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. तो जिवावर बेतू शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आम्ही गोळ्या देऊन हळूहळू उतरवतो. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, सलाईन लावा, ताकद येईल." पण ग्लुकोजच्या आधी आम्ही बी-वन म्हणजे थायमिन देतो. पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं, आणि त्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आणखी एक. 'बेवडा', 'दारुडा' हे शब्द वॉर्डात बंद करा असं मी रोज सांगते. ज्याला बेवडा म्हणतात त्याची बेल उशिरा ऐकू येते.

आजचा_दिवस

सिस्टर, तुमचं बाकी सगळं मान्य, हे शेवटचं नाही. मी अकरा वर्षं सोबर आहे, म्हणजे प्यायलो नाही. प्रत्येक मीटिंगमध्ये उभा राहून म्हणतो, "मी मद्यपी आहे." दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची आमची संघटना, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं. तिथली ही रीत जगभर चालते. ज्या दिवशी मला वाटेल की मी 'होतो', त्या दिवशी माझा हात ग्लासाकडे जाईल. म्हणून आम्ही 'बरा झालो' म्हणत नाही. रिकव्हरीत आहे म्हणतो, आणि फक्त आजचा दिवस प्यायची नाही एवढंच ठरवतो.

धाकट्या ताईंनाही एक सांगायचं आहे. स्लिप हा शब्द मऊ वाटतो, पण आमच्याकडे एक घोट घेतला तरी दिवस पुन्हा एकपासून मोजतात. सहाव्या वर्षाचं मेडल मिळालेला आमचा एक साथी घसरला. दुसऱ्या आठवड्यात आला, मागच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माझा आज चौथा दिवस." कोणी त्याला बाहेर काढलं नाही. सभासद व्हायला प्यायचं थांबवण्याची इच्छा पुरते. पण सहा वर्षं गेली ती गेली.

रात्रपाळी

भाऊ, तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणता आणि समोर तसेच लोक बसलेले असतात. माझ्या वॉर्डात तोच शब्द सासरा जावयाला म्हणतो. या दोन्हीला मी एका मापाने मोजणार नाही.

मास्तर_महाल

मी निवृत्त मराठी शिक्षक. दोन बाजू ऐकल्या, माझी तिसरी आहे. कागद जरूर द्या, पण तो माणसांच्या भाषेत असू द्या. पुतण्याच्या फाइलवर 'मद्य अवलंबित्व संलक्षण' लिहिलं होतं. मी मराठी शिकवत आलो, तरी मला दोनदा वाचावं लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६४ साली 'ॲडिक्शन' हा शब्द बाजूला ठेवून 'डिपेन्डन्स', म्हणजे अवलंबित्व, सुचवला. पुढे २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या आजार ओळखायच्या पुस्तकात अकरा खुणांची यादी आली. एका वर्षात दोन-तीन खुणा दिसल्या तर सौम्य, चार-पाच असल्या तर मध्यम, सहा किंवा जास्त असल्या तर तीव्र. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, थांबवायचा प्रयत्न फसणं, पिण्यापायी कामाचा खोळंबा, तेवढीच नशा यायला जास्त दारू लागणं, असल्या त्या खुणा. मला यातली पायऱ्यांची कल्पना मोलाची वाटते. आपल्याकडे माणूस एकतर 'कधीमधी घेतो' नाहीतर 'वाया गेला'. मधलं काहीच नाही. सौम्य पायरीवर कोणी हटकतच नाही.

'व्यसन' हा शब्द मात्र टाकू नका. संस्कृतात त्याचा अर्थ संकट असाही आहे, आणि घरावर येतं ते संकटच असतं.

आणि खर्रा? दारू सोडून आलेला पुतण्या पानठेल्यावर उभा राहून पन्नीत घोटलेला खर्रा दिवसाला सात-आठ वेळा तोंडात टाकतो. सुपारी, तंबाखू, चुना. घरात कोणी त्याला व्यसन म्हणायला तयार नाही. वहिनी म्हणते, "राहू द्या हो, निदान दारू तर नाही." तोंडाचा कॅन्सर या वाक्याची वाट बघत नाही.

पाचपावलीची

एक विचारते. जाऊबाई म्हणते, न सांगता भाजीत मिसळायची गोळी मिळते. भिंतीवर जाहिरातीही असतात. 'औषधोपचार' म्हणतात तो हाच का?

रात्रपाळी

नाही ताई, हे कधीही करू नका. त्या पुड्यांत काय असतं ते कोणी सांगत नाही. बरेचदा लोक डायसल्फिरामबद्दल ऐकून येतात. ते औषध खरं आहे, पण रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. ते पोटात असताना प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी घसरतो, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला सांगितलंच नाही तो सावध कसा राहील? ओढ कमी करणारी वेगळी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोनसारखी. डॉक्टरांना विचारा. जायला जमत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला, फुकट आहे.

आजचा_दिवस

पाचपावलीच्या ताई, तुम्हाला दिलेल्या नावाबद्दल. आमच्या संघटनेचे एक संस्थापक बिल डब्ल्यू. यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. तिथे बायका सांगतात की त्याची दारू आपल्यामुळे आली नाही, आपण ती ताब्यात ठेवू शकत नाही आणि बरीही करू शकत नाही. माझी बायको हे ऐकून आली त्या रात्री पहिल्यांदा मला न जेवू घालता झोपली. मला राग आला होता. तिला ते ऐकायला नऊ वर्षं उशीर झाला, असं आज वाटतं.

धाकटी_मानेवाडा

पाचपावलीच्या ताई, तुमचं वाचून मी कागदाचा मसुदा बदलला. आधी फक्त पाच शब्द होते. आता स्लिपसमोर लिहिलं आहे: 'त्याच दिवशी स्वतः सांगितलं आणि केंद्राला फोन केला तर स्लिप. लपवलं, किंवा तिसऱ्यांदा तेच कारण दिलं, तर फोन तुम्ही करा.' कोडिपेंडंट हा शब्द काढला. तिथे लिहिलं, 'त्याच्यासाठी खोटं बोलायला तुम्ही बांधील नाही. पोरांची फी आधी.' दादा सध्या फॉलोअपला जातो. बाबा सोबत जातात, बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांना वाचून दाखवला, काही बोलले नाहीत, घडी घालून खिशात ठेवला.

पाचपावलीची

फीचं वाक्य वर घ्या, पहिलं. आणि तो कागद माझ्या नवऱ्याच्या हातात नको. भरतीच्या दिवशी माझ्या हातात द्यायला सांगा, तो आत गेल्यावर.