लॅटिनच्या अ‍ॅब्लेटिव्हला मराठीत काय म्हणावं?

दादर_पश्चिम: लॅटिनच्या पहिल्या परीक्षेची टिपणं मराठीत काढतोय. बाकी विभक्त्यांना आपली नावं बसली, अ‍ॅब्लेटिव्हला अडलो. मी 'पंचमी' लिहिलं. बरोबरच्या मुलीचं म्हणणं, 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने, मग तृतीया. 'अपादान' लिहिलं तर?

व्याकरणवेडी: अपादान नको, ते कारक आहे, म्हणजे नामाचं क्रियेशी असलेलं नातं, विभक्ती नव्हे. संस्कृतात तृतीया, पंचमी, सप्तमी वेगळ्या राहिल्या. लॅटिनमध्ये त्या जवळजवळ एकाच रूपात मिसळल्या. 'ठाण्याहून पहाटे लोकलने निघालो' यातल्या हून, ए, ने या तिन्हींना तिथे अ‍ॅब्लेटिव्हच. आकड्यात तर अडकूच नका, खुद्द रोमन तिला सहावी म्हणत.

गिरगावकर: परकी नावं हवीतच कशाला? औफेर्रे म्हणजे हिरावून नेणे, त्याच्या 'अब्लातुम' रूपावरून हे नाव आलं. सरळ 'अपहारी विभक्ती' म्हणा.

कुर्ला_पूर्व: अपहार म्हटलं की पतपेढी आठवते.

कुर्ला_पूर्व: नाव काहीही ठेवा, मार्क जातात उपयोगात. कर्मणी वाक्यात करणारा माणूस असेल तर आधी 'आ' (स्वरापुढे 'अब'): आ मीलिते, सैनिकाकडून. साधन असेल तर नुसतं ग्लादिओ, त्याला 'अब' लावलं की चूक. सोबतीला 'कुम'. सगळ्यात फसवं 'इन'. इन उर्बे म्हणजे शहरात (राहतो), इन उर्बेम म्हणजे शहरात (शिरतो), या दुसऱ्या रूपात द्वितीया. मराठीत दोन्हीकडे 'शहरात'च, त्यामुळे मराठीवरून लॅटिन करताना आधी क्रियापद बघा, मग प्रत्यय लावा.

गिरगावकर: 'उर्ब्स प्रीमा इन इंडिस' (हिंदुस्थानातलं पहिलं शहर) ही आपल्या मुंबईचीच जुनी बिरुदावली. इंडिस अ‍ॅब्लेटिव्ह, अनेकवचन. उर्ब्स तिसऱ्या गणातलं (म्हणजे नामं चालवायच्या तिसऱ्या पद्धतीतलं) स्त्रीलिंगी, म्हणून प्रीमा. लिंग, वचन, विभक्ती जुळली पाहिजे, शेपूट जुळेलच असं नाही.

व्याकरणवेडी: गण धातूंचे असतात हो. नामांना अंत म्हणा: आकारान्त, उकारान्त.

गिरगावकर: मग तिसऱ्या गणाला काय म्हणाल? रेक्सचं षष्ठी अनेकवचन रेगुम, उर्ब्सचं उर्बिउम. व्यंजनान्त आणि इकारान्त एकाच घरात नांदतात. वापरात 'गण' रुळला तर बिघडलं कुठे?

व्याकरणवेडी: 'रुळलं' म्हणून काहीही चालवायचं का?

दादर_पश्चिम: मग वहीत काय लिहू?

कुर्ला_पूर्व: नाम कधीच एकटं लिहू नका. षष्ठी आणि लिंग सोबत हवंच: रेक्स, रेगिस, पु. मूळ अंग 'रेग' षष्ठीतच दिसतं. दोमिनुस, तेंपुस, मनुस तिन्हींच्या शेवटी 'उस', पण षष्ठी दोमिनी, तेंपोरिस, मनूस. एक दुसऱ्यातलं, एक तिसऱ्यातलं, एक चौथ्यातलं. देवनागरीत लिहिताय तर ऱ्हस्वदीर्घ काटेकोर ठेवा: पुएल्ल प्रथमा, पुएल्ला अ‍ॅब्लेटिव्ह. रोमन लिपीत डोक्यावरची आडवी रेघ गाळली की दोन्ही सारखीच दिसतात.

सायन_स्लो: मनुस! आपला माणूस यातूनच आला असणार.

व्याकरणवेडी: माणूस संस्कृत 'मानुष'वरून आला. मनुस म्हणजे हात, आणि तोही स्त्रीलिंगी.

सायन_स्लो: हात स्त्रीलिंगी कसा काय?

गिरगावकर: चौथ्यातली बहुतेक 'उस'वाली पुल्लिंगीच, मनुस आणि दोमुस हे ठळक अपवाद. दोमुस तर अर्धा दुसऱ्या गणासारखा चालतो.

व्याकरणवेडी: परत गण!