रस्त्यावर गाडी लावताना (पुणे): नियम, पाट्या, खाचाखोचा – अनुभव धागा

धागाकर्ता
"गाडी उचलली" म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे कुणाची, कधी, कुठल्या मामांनी उचलली हे किस्से इथे नकोत. अनुभवातून कळलेली कामाची माहिती लिहा: पाटी कशी वाचायची, अर्ज कुठे द्यायचा, गाडी सोडवताना काय बघायचं.

सुरुवात माझ्याकडून. रस्ता महापालिकेचा, पण त्यावर गाडी कुठे लावायची आणि कुठे नाही याचा आदेश काढतात वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त. त्यांना हा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ ची कलमं ११५, ११६, ११७ आणि गृह विभागाची २७ सप्टेंबर १९९६ ची अधिसूचना यांतून मिळतो. खांब, पट्टे, रंग हे महापालिकेचं काम. दंड पोलिसांचा. फुटपाथवरची अतिक्रमणं पुन्हा महापालिकेकडे. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला की तो तिथेच झोपतो, म्हणून ही वाटणी आधी डोक्यात बसवा.

पेठेतला पोस्टमन
पी-१ आणि पी-२, म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना लागलेल्या पार्किंगच्या पाट्या. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला, सम तारखेला पी-२ च्या बाजूला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. फसगत दोन ठिकाणी होते.

पहिली, रात्री. तारीख बारा वाजता बदलते, गाडी तिथेच असते. रात्री नऊला बरोबर लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला असते. रात्रभर ठेवायची तर ती उद्याच्या तारखेच्या बाजूला लावण्याचा मोह होतो, पण मग आजचे उरलेले तास ती चूक.

दुसरी, महिनाअखेर. ३१ विषम आणि १ सुद्धा विषम. म्हणजे पी-१ ची बाजू सलग दोन दिवस चालू, पी-२ सलग दोन दिवस बंद. ३१ तारखेचे महिने सात, त्यामुळे वर्षातून सात वेळा असं होतं. लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ वेळा. "काल इकडे, म्हणजे आज तिकडे" अशा सवयीवर चालणारे १ तारखेला हमखास सापडतात. सवय बाजूला ठेवून कॅलेंडर बघा.

सिग्नलचा दिवा
पाटीबद्दल थोडं. निळं वर्तुळ, लाल कड आणि एकच तिरकी लाल रेघ: गाडी लावायला मनाई. दोन रेघांची फुली: थांबायलासुद्धा मनाई. "मी गाडीतच बसलोय, इंजिन चालू आहे" हे फुलीखाली चालत नाही. पाटीखालचा बाण कुठे वळलाय ते बघा. मनाई त्या दिशेला लागू. दोन्हीकडे बाण असेल तर पाटीच्या मागेपुढे दोन्हीकडे.

पाटी नसेल तर मोकळं रान, असंही नाही. वाहनचालन नियम २०१७ प्रमाणे फुटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा, बसथांब्याजवळची जागा, दुसऱ्याच्या फाटकासमोरची जागा आणि चौकाच्या कडेपासून ५० मीटर इथे गाडी लावता येत नाही. आता पेठांत दोन चौकांमधलं अंतर कित्येकदा शंभर मीटरसुद्धा भरत नाही. नियम अक्षरशः धरला तर सदाशिव-नारायण पेठेत सायकलही टेकवता येणार नाही. म्हणून तिथे व्यवहार स्थानिक आदेशावर आणि पी-१, पी-२ वर चालतो. पण कोपऱ्यावर लावू नका. पीएमपीची बस वळताना पहिली तीच गाडी अडते आणि पहिली तीच उचलली जाते.

सोसायटीची सेक्रेटरी
फाटकाबद्दल लिहिते. "गेटसमोर गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडण्यात येईल" या पाटीला कायद्याने शून्य किंमत, आणि हवा सोडली तर उलट आपल्यावरच तक्रार होऊ शकते. फाटक अडवायला मनाई मुळातच आहे, पाटी असो वा नसो.

मात्र फाटकाच्या डावी-उजवीकडचा रस्ता आपला नव्हे. तिथे कुंड्या, टायर, सिमेंट भरलेले डबे ठेवणं हे अतिक्रमण. महापालिका ते उचलून नेते आणि ते योग्यच आहे.

वळण खरंच अरुंद असेल तर रीतसर मागा. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, आपल्या भागाच्या वाहतूक विभागाकडे (विश्रामबाग, फरासखाना, डेक्कन, कोथरूड वगैरे). प्रत येरवड्याला उपायुक्तांच्या कार्यालयात. सोबत हाताने काढलेला नकाशा हवा: रस्त्याची रुंदी मीटरमध्ये, फाटकाची रुंदी, किती मीटर पट्टा हवा ते. फोटो एकाच वेळचे नकोत; सकाळ, दुपार, रात्र असे तीन. अर्जात कारण म्हणून "रहिवाशांची गैरसोय" असं लिहिलं की अर्ज मागे पडतो. "अग्निशमनची गाडी वळत नाही" असं असेल तर तेच लिहा, आणि मोजमाप द्या. जागेची पाहणी होते, मग तात्पुरता आदेश निघतो, त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात आणि नंतर अंतिम आदेश. समोरचा दुकानदार हरकत घेणार हे धरूनच चला. त्याच्याशी आधी बोललेलं बरं.

आदेश निघाला तरी पाटी लागेपर्यंत कारवाई होत नाही. आदेशाची प्रत घेऊन खांबासाठी महापालिकेकडे पाठपुरावा करा. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात.

टपरीवरचा
गाडी उचलली तर:
कलम १२७ प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने सांगितल्याशिवाय गाडी उचलता किंवा जॅमर लावता येत नाही. टेम्पोवर नुसती पोरं असतील तर पोलीस कुठे आहेत हे विचारायचा हक्क आहे. शांतपणे विचारा, आवाज चढला की विषय बदलतो.
दंड कलम १७७ चा: पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १५००. उचलण्याचा खर्च वेगळा. दोन्हींची पावती घ्या.
पैसे भरण्याआधी गाडीभोवती एक फेरी. स्कूटरच्या खालच्या कडेचं प्लास्टिक, आरसे, मागचा नंबर. हँडल लॉक असताना ओढलेली असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. काही असेल तर तिथेच फोटो काढून लेखी द्या. घरी आल्यावर दिसलेला ओरखडा कुणीही मान्य करत नाही.
कागदपत्रं डिजिलॉकरमधली चालतात.

सिग्नलचा दिवा
वरच्याला जोड: ई-चलन आलं तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून फोटो आधी बघा. पी-१, पी-२ च्या प्रकरणात फोटोवरची तारीख आणि बाजू जुळते का, हे तपासा. जुळत नसेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते. आणि व्हॉट्सॅपवर चलनाच्या नावाने फाइल आली तर उघडू नका, खरं चलन असं येत नाही.

मंडईवाला
लक्ष्मी रस्त्याच्या खरेदीला गल्ल्या धुंडाळत पेट्रोल जाळण्यापेक्षा सरळ वाहनतळ गाठा. मंडईजवळ आर्यन, मिसाळ आणि बाबू गेनू, नारायण पेठेत हमालवाडा. दरफलक बघा, पावतीवर वेळ आहे का बघा. फलकापेक्षा जास्त मागितले तर फलक आणि पावती एकाच फोटोत घ्या. गणपतीत मात्र हे गणित विसरा. त्या दिवसांचे आदेश वेगळे निघतात.

पेठेतला पोस्टमन
धूळ खात पडलेल्या बेवारस गाड्यांचं कुणी लिहिलं नाही. पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार ॲपवर तक्रार टाकताना गाडीचा क्रमांक, जवळची खूण आणि चारही टायर दिसतील असा फोटो द्या. बसलेले टायर हा सगळ्यात बोलका पुरावा. गाडीवर नोटीस चिकटते, मुदत संपली की उचलतात. नोटीस चिकटली की काही मालक गाडी दहा फूट पुढे ढकलून ठेवतात. म्हणून नोटिशीचाही फोटो काढून ठेवा, त्यात मागचं दुकान किंवा भिंत आली पाहिजे.