शब्दचर्चा : 'शेजवान' आणि रात्रीचे 'चायनीज'

विचारणा

परळ-लालबाग भागात रात्री अकरानंतरही ज्या छोट्या हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही, त्यांत चायनीजची हॉटेले बरीच आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अशाच एका हॉटेलाच्या पाटीवर 'शेजवान' लिहिले आहे, काचेवर 'सेझवान' आणि मेन्यूकार्डावर 'शेझवान'. यांपैकी कोणते रूप ग्राह्य धरावे, या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि 'चायनीज' ऐवजी 'चिनी खाद्यपदार्थ' असे लिहिणे अधिक योग्य ठरेल काय, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर

लेखनाचा प्रश्न आधी घेतो. चीनच्या नैर्ऋत्येकडील प्रांताचे नाव आजच्या अधिकृत रोमन लेखनानुसार 'सिचुआन' असे होते. त्याआधी टपालासाठी आणि नकाशांत जे रोमन रूप रूढ होते, त्यात एस, झेड, ई, सी, एच, डब्ल्यू, ए, एन अशी आठ अक्षरे होती. आपल्याकडच्या मेन्यूकार्डांवर जे रोमन रूप छापलेले असते, त्यातही हीच आठ अक्षरे आहेत. एक कमी नाही की एक जास्त नाही, फक्त 'झेड'ने आणि 'सी-एच' या जोडीने आपापल्या जागा बदलल्या आहेत. या बदललेल्या क्रमाचा आपण जो उच्चार केला, तो 'शेजवान'. म्हणजे हा शब्द चिनी भाषेतून कानांवाटे आलेला नसून छापील अक्षरांतून डोळ्यांवाटे आलेला आहे, आणि म्हणूनच मूळ चिनी उच्चाराशी तो ताडून शुद्धाशुद्ध ठरविण्यात काही हशील नाही.

राहिला प्रश्न 'ज' की 'झ' यांचा. 'जवळ' आणि 'जर' यांतला दंततालव्य 'ज' मराठीत असताना त्यासाठी 'झ' योजण्याची आवश्यकता मला वाटत नाही; ज्यांना तालव्य 'ज' उच्चारायचा आहे, त्यांचीही सोय त्याच अक्षराने होते. आरंभी 'श' की 'स' याबाबत बहुसंख्य मुंबईकरांच्या तोंडी 'श' आहे, तेव्हा 'शेजवान' हेच रूप लिहावे. (आपल्या 'शेज' या शब्दाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, तरीही देवळातली शेजारती आटोपल्यावरच शेजवानची वेळ खऱ्या अर्थाने सुरू होते, हा योग मला फार आवडतो.)

अर्थाकडे वळल्यावर मात्र गोष्ट अधिक रंजक होते. मुंबईत 'शेजवान' हे आता प्रांताचे नाव उरलेले नाही, ते एका चवीचे नाव झाले आहे. शेजवान डोसा, शेजवान वडापाव हे शब्द वापरताना कोणाच्याही डोळ्यांपुढे चीनचा नकाशा येत नाही. 'भय्या, शेजवान जरा कमी टाका' या वाक्यात तर तो शब्द विशेषणही नसून सरळ नाम आहे, आणि तो बरणीतल्या लाल चटणीचा वाचक आहे. ही चटणी करण्यासाठी सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटतात, भरपूर बारीक चिरलेला लसूण आणि थोडे आले तेलात परततात, त्यात ते वाटण घालून तेल सुटेपर्यंत शिजवतात आणि शेवटी मीठ, साखर, व्हिनेगर आणि आवडीप्रमाणे सोया सॉस घालतात. सिचुआनच्या स्वयंपाकाची जी खरी खूण, म्हणजे जिभेला मुंग्या आणून ती किंचित बधिर करणारी एका लहान फळाची साल, तिचा यात मागमूसही नसतो.

गंमत अशी की त्या फळाचे सख्खे भावंड आपल्या घरात आहे. कोकणात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालतात, ते आणि सिचुआनचे ते फळ, दोन्ही वनस्पतिशास्त्रानुसार 'झँथॉक्झायलम' या एकाच प्रजातीतली आहेत. त्यामुळे जिभेवरची ती सिचुआनी झिणझिणी मुंबईत कोणाला शोधायचीच असेल, तर ती शेजवान राईसच्या ताटलीपेक्षा मालवणी घरातल्या कालवणात सापडण्याचा संभव अधिक आहे.

आता 'चायनीज' आणि 'चिनी'. मराठीत या दोन्ही शब्दांनी आपापली कामे वाटून घेतली आहेत. 'चिनी' हा देशाशी जोडलेला शब्द आहे : चिनी प्रवासी, चिनी भाषा, चिनी मातीची बरणी. 'चायनीज' हा शब्द मात्र मराठीत केवळ खाण्यासाठी वापरला जातो, आणि त्या खाण्याचा चीनशी संबंध दूरचा आहे. 'आज रात्री चिनी खाद्यपदार्थ खाऊ' असे म्हणणाऱ्याच्या पंक्तीला मी आजवर बसलेलो नाही. येथे 'चिनी' लिहिणे केवळ कृत्रिम ठरणार नाही, तर वस्तुस्थितीला धरूनही होणार नाही. मंचुरियनचेच पाहावे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश असला, तरी चिकन मंचुरियन मुंबईतच, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात, १९७५ साली नेल्सन वाँग यांनी प्रथम केल्याचे सांगितले जाते. वाँग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी, आणि पदार्थाचा पाया आले, लसूण, हिरवी मिरची हा आपलाच. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. हा पदार्थ 'चिनी' कसा म्हणावा? 'चायनीज' म्हणायला मात्र काहीच अडचण नाही.

पुरवणी

वरील विवेचनाशी सहमत आहे. पण 'चायनीज'चे मराठीपण सिद्ध करायचे तर अर्थापेक्षा लिंगाकडे पाहावे, असे मला वाटते. परका शब्द घरचा झाला की त्याला लिंग मिळते. 'चायनीज खाल्ले' हे नपुंसकलिंग 'जेवण' आणि 'खाणे' यांच्यावरून आले असावे. राईस मात्र 'खाल्ला' जातो, कारण त्याच्यामागे भात उभा आहे. 'नूडल्स'च्या बाबतीत एकमत नाही; काही घरांत त्या 'खाल्ल्या' जातात आणि काही घरांत ते 'खाल्ले' जातात. मी स्वतः स्त्रीलिंगी रूप वापरतो, कारण शेवयांशी असलेले त्यांचे साम्य मला निर्णायक वाटते.

दुसरे असे की, घरात आपण 'सुके मटण' आणि 'मटणाचा रस्सा' म्हणतो, परंतु 'सुके मंचुरियन' किंवा 'मंचुरियनचा रस्सा' म्हणत नाही. तेथे 'ड्राय' आणि 'ग्रेव्ही' हेच शब्द चालतात, आणि तेही विशेषणाची मराठी जागा सोडून नामाच्या मागे येतात. रात्री पावणेबाराला वाढप्या भटारखान्याच्या खिडकीशी उभा राहून 'एक मंचुरियन ड्राय हाफ, हक्का फुल, लॉलीपॉप पार्सल' अशी हाक देतो. या हाकेत एकही क्रियापद नसते, तरीही आतला आचारी एका हाताने कढई हलवत, कोबी, ढोबळी मिरची आणि पातीचा कांदा मुठीमुठीने त्यात भिरकावत, अर्थाची तिळमात्र चूक न करता तो हुकूम पाळतो. व्याकरणाच्या अभ्यासकांनी या हाकेतला शब्दक्रम अवश्य नोंदवावा : आधी संख्या, मग पदार्थ, मग प्रकार, मग आकारमान, आणि घरी न्यायचे असल्यास सर्वांत शेवटी 'पार्सल'.

'हक्का' या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. हक्का हे चीनमधील एका समाजाचे नाव असून त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणी कुटुंबे' असा होतो. कोलकात्याच्या टांग्रा भागात कातडी कमावण्याच्या धंद्यात असलेले चिनी लोक मुख्यतः याच समाजाचे होते, आणि आपल्याकडच्या चायनीज खाण्याचा उगम बऱ्याच अंशी त्यांच्या स्वयंपाकात आहे. मुंबईत मात्र या शब्दाला एक नकारात्मक अर्थ चिकटला आहे : हक्का म्हणजे जे शेजवान नाही ते, अर्थात बिनतिखट. 'मुलांसाठी एक हक्का सांगा' या वाक्यात समाज, कोलकाता, पाहुणे यांपैकी काहीही शिल्लक नसते.

विचारणा

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. 'ट्रिपल शेजवान'मधील 'ट्रिपल' म्हणजे तिप्पट तिखट, असा आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा समज आहे. तो बरोबर आहे काय?

उत्तर

नाही. 'ट्रिपल' हा तिखटाचा आकडा नसून घटकांचा आहे : राईस, नूडल्स आणि ग्रेव्ही. पहिले दोन कढईत एकत्र परततात, ग्रेव्ही वाटीतून वेगळी येते, आणि वर थोड्या तळलेल्या नूडल्स पसरतात. काही ठिकाणी त्यावर अंडेही फोडतात. बोलताना पुढचे शब्द गळून 'एक ट्रिपल' एवढेच उरते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी पार्सल नेणार असाल, तर ग्रेव्ही आणि तळलेल्या नूडल्स निरनिराळ्या बांधून मागाव्यात. एकत्र बांधल्यास घरी पोहोचेपर्यंत त्या नूडल्स भिजून जातात आणि 'ट्रिपल'चे नुसते 'सिंगल' होते.