देशप्रेम आणि राष्ट्रवाद : गोव्याचा अनुभव काय सांगतो?

मांडवीकाठ (धागालेखक)

गोवा मुक्तिदिनाच्या व्याख्यानाचा विषय ठरवण्यासाठी आमच्या वाचनालयाची नुकतीच बैठक झाली. ‘राष्ट्रवादाची गरज’ हा विषय पुढे आला तेव्हा मी त्याऐवजी ‘देशप्रेम’ हा विषय सुचवला. त्यावर, या दोहोंत भेद करणारा माणूस देशाच्या बाबतीत कच्चा असतो, असे एका ज्येष्ठ सभासदांनी सुनावले. हे मत सध्या बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, म्हणून माझे म्हणणे इथे सविस्तर मांडतो.

ज्या भूमीत आणि ज्या माणसांत आपण वाढलो त्यांच्याविषयीची माया, आणि त्यांच्या बऱ्यावाईटाची स्वतःहून घेतलेली जबाबदारी, हे माझ्या मते देशप्रेम. राष्ट्रवाद ही त्यापुढची मागणी आहे. राष्ट्र ही सर्वोच्च निष्ठा मानायची, त्या राष्ट्रात कोण बसतो आणि कोण बसत नाही हे कोणीतरी ठरवायचे, आणि इतरांनी आपली निष्ठा त्याच्यापुढे सिद्ध करायची, असे तिचे स्वरूप असते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४५ साली जवळपास हाच भेद केला होता. देशप्रेमी माणसाला आपली जगण्याची रीत प्रिय असते पण ती दुसऱ्यावर लादावी असे त्याला वाटत नाही, राष्ट्रवादाला मात्र सत्तेची ओढ असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

आपण गोमंतकीयांनी या भेदाचा अनुभव घेतलेला आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९५१ साली घटना दुरुस्त करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. त्यामुळे कागदोपत्री गोवा वसाहत राहिलाच नाही, तो पोर्तुगीज राष्ट्राचा अविभाज्य भाग झाला आणि स्वातंत्र्य मागणारा प्रत्येक गोमंतकीय राष्ट्राचा शत्रू ठरला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य हद्दीवर उभे असताना याच सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवले की शरणागती पत्करायची नाही. पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एक तर विजयी झाले पाहिजेत, नाही तर मेले पाहिजेत. हजारो मैलांवर बसून तीन हजारांहून अधिक स्वकीयांच्या मरणाचा हा आदेश दिला गेला, तोही राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी. व्हासालो यांनी तो पाळला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले, आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा हुद्दा परत मिळाला. या दोघांतला आपल्या देशाच्या माणसांवर खरे प्रेम करणारा कोण, हे सांगताना मला जराही अडखळावे लागत नाही.

दुसरा दाखला आपल्या घरातला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि गोवा वेगळा ठेवण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. आमच्या घरची सगळी मते फुलाला गेली होती आणि वाड्यावरच्या पलीकडच्या घराची दोन पानांना. त्यांना पोर्तुगीजधार्जिणे म्हटले गेले, आम्हाला गोवा विकायला निघालेले म्हटले गेले. पाच वर्षांपूर्वी जे एकत्र मुक्त झाले, त्यांनी एकमेकांच्या निष्ठेवर असा संशय घेतला. कौलाचा निकाल सर्वांनी मानला, पण ते शब्द पुष्कळ वर्षे पुसले गेले नाहीत.

आग्वाद

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, तरी मला ती मुळातच मान्य नाही. ऑर्वेल यांचा भेद ज्यांचे राष्ट्र शतकानुशतके स्वतंत्र आहे त्यांना परवडतो. आपली गोष्ट वेगळी आहे.

गावावरची माया पोर्तुगीज अमदानीत कमी होती का? लोकांनी गावकारी म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची व्यवस्था सांभाळली, खाजनाचे म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचे बांध दरवर्षी घातले, देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा रातोरात मूर्ती नदीपार नेऊन देव वाचवले. त्या मायेला तोड नाही, पण तिने पोर्तुगीज गेले नाहीत. सासष्टी तालुक्यातल्या कुंकळ्ळीचा १५८३ चा उठाव कुंकळ्ळीपुरता राहिला आणि राणे घराण्याची बंडे मुख्यतः सत्तरी तालुक्याची राहिली, कारण सासष्टीचे दुःख आणि सत्तरीचे दुःख एकच आहे हे सांगणारा विचार तेव्हा नव्हता. तो विचार त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी दिला. त्यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली, १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर लिहिले, आणि लष्करी न्यायालयाने शिक्षा दिल्यावर पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगात राहिले. त्यांना आपण गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

आता १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह घ्या. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला गोळी लागून पडलेले कर्नैलसिंग बेनिपाल लुधियाना जिल्ह्यातल्या ईसडू गावचे. गोव्याच्या मातीत ते वाढले नव्हते, इथली भाषा त्यांना येत नव्हती. आपल्या व्याख्येतली माया त्यांना इथवर कशी आणू शकली असती? त्यांना आणले ते ‘गोवा माझ्या राष्ट्राचा आहे’ या जाणिवेने. तिला राष्ट्रवाद म्हणायचे नसेल तर काय म्हणायचे, ते आपण सांगावे.

पाटीपेन्सिल

मी डिचोली तालुक्यात शिक्षिका आहे. बेनिपाल यांची गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगते आणि ती सांगताना आजही गळा दाटून येतो. मात्र त्याच वर्गात मुलांना दुसरी एक गोष्टही सांगावी लागते. २०१६ साली पणजीच्या एका चित्रपटगृहात, पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे उभे राहता न येणाऱ्या एका लेखकाला, राष्ट्रगीत चालू असताना बसून राहिला म्हणून मागच्या प्रेक्षकाने मारले. त्या लेखकाचे वडील वायुदलात होते. मारणाऱ्याने त्या लेखकाला काहीही विचारले नाही, कारण बसलेला माणूस शत्रूच असणार हे त्याने मनाशी आधीच ठरवले होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे केले, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती स्वतःच मागे घेतली. आमची मुले रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीत म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. शेजारचा ताठ उभा आहे की नाही हे बघायला मी त्यांना शिकवणार नाही.

मुरगाव बंदर

देशप्रेमाची चर्चा गोव्यात होणार आणि पोर्तुगीज पासपोर्टाचा विषय निघणार नाही, असे होऊच शकत नाही, म्हणून मीच तो काढतो. आमचे वडील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे होते. धाकट्या भावाने आजोबांची आणि वडिलांची जन्मनोंद लिस्बनला करून घेतली आणि त्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले. पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आजोबांचे नाव आणि आमच्या कागदांवरचे नाव एकाच माणसाचे आहे, हे पटवणारी प्रतिज्ञापत्रे गोळा करण्यात बराच काळ गेला. आज तो इंग्लंडमधल्या स्विंडनला एका गोदामात रात्रपाळी करतो. चवथीला सुट्टी मिळाली नाही तर माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची आरास) बांधून होईपर्यंत फोन चालू ठेवायला लावतो, आणि देवळाच्या वर्गणीत त्याचा वाटा आमच्या आधी येतो. आपल्या कायद्याप्रमाणे तो आता भारताचा नागरिक नाही. गावात त्याला ‘देश विकलेला’ म्हणणारे आहेत. इथे पोटापुरते काम मिळाले असते तर तो गेला नसता, हे मी त्याचा भाऊ म्हणून खात्रीने सांगतो.

आग्वाद

आपल्या बंधूंना कोणी अपशब्द वापरू नयेत, हे मला मान्य आहे. तथापि धागालेखकांनी देशप्रेमाच्या व्याख्येत जबाबदारी घातली आहे, तिचे काय? नागरिकत्व सोडणारा माणूस मतदान सोडतो, ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार सोडतो. गावची जमीन दिल्लीच्या गुंतवणूकदाराला विकली जात असताना हात वर करून आक्षेप घ्यायला तो तिथे नसतो. माया फोनवरून कळवता येते, जबाबदारी फोनवरून पार पाडता येत नाही.

मांडवीकाठ (धागालेखक)

आग्वाद यांचा हा आक्षेप जिव्हारी लागणारा आहे आणि त्यात तथ्य आहे. सासष्टीतल्या बंद घरांच्या रांगा पाहिल्या की मलाही तीच चिंता वाटते. पण ती चिंता आहे, आरोप नव्हे. जबाबदारी उचलायला माणसे गावात राहावीत असे वाटत असेल, तर ती का जातात हे आधी विचारावे लागेल, आणि तो प्रश्न जाणाऱ्यापेक्षा राहणाऱ्यांना आणि राज्य चालवणाऱ्यांना अधिक लागू होतो.

बेनिपाल यांच्याविषयी : माया वाढू शकते, दुसऱ्याच्या गावापर्यंत पोचू शकते, हेच त्यांच्या बलिदानातून मला दिसते. ते निःशस्त्र आले. कोणा गोमंतकीयाने आपली निष्ठा सिद्ध करावी असे त्यांनी मागितले नाही. परकी सत्तेने जावे, एवढेच मागितले. मुक्तिलढ्यात कुन्हा होते, पीटर आल्वारिस होते, तेलो दे मास्कारेन्यस होते, जंगलातून गुप्त नभोवाणी चालवणाऱ्या लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई होते. धर्म किंवा भाषा पाहून कोणाला आत घ्यायचे हे त्या लढ्याने ठरवले असते तर तो लढा उभाच राहिला नसता. त्याला आपण राष्ट्रवाद म्हणत असाल तर त्या राष्ट्रवादापुढे मी नतमस्तक आहे. माझा विरोध त्यानंतरच्या, आपल्याच माणसांची झडती घेणाऱ्या वृत्तीला आहे. रवींद्रनाथांनी १९१६-१७ मध्ये जपान आणि अमेरिकेत राष्ट्रवादाविरुद्ध व्याख्याने दिली, आणि १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर ‘सर’ ही पदवी त्यांनीच परत केली. या दोन कृतींत मला विसंगती दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून १९६९ मध्ये सुटले. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी ते कोठडीतच होते. ज्यांना घोषणा देणे सोपे वाटते त्यांनी हा काळ मोजून पाहावा.

आग्वाद

रानडे यांच्याबद्दलची खंत माझीही आहे आणि चित्रपटगृहातली मारहाण मला लाजिरवाणी वाटते. निष्ठेची झडती नको, इथवर मी आपल्याबरोबर येतो.

त्यापुढे नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी आणला. त्याला सात मते मिळाली आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळेच तो पडला. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. मधली तेरा वर्षे जगातले बलवान देश नाराज असताना भारत मागे हटला नाही, कारण ‘हा भूभाग आमचा आहे’ हे म्हणण्यात त्याने कच खाल्ली नाही. हा ठामपणा मला उद्याही हवा आहे. तो मायेतून येतो असे आपण म्हणाल, मी त्याला राष्ट्रवादच म्हणेन, आणि मुक्तिदिनाच्या व्याख्यानात त्याला जागा मिळावी असा माझा आग्रह राहील.